अंगणातली तालीम आणि भरतीचे मैदान
(रुग्णालयाच्या वर्धापनदिन समारंभात अस्थिरोग विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य विश्वस्तांनी मला दिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. लहान मुलांची हालचाल आणि सैन्यभरतीसाठी लागणारी शारीरिक पात्रता असा विषय मी निवडला, तेव्हा काही सहकाऱ्यांना आश्चर्य वाटले. रुग्णालयाचा आणि भरतीचा संबंध काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्याचे उत्तर आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसलेले असते. भरतीचा हंगाम जवळ आला की नडगी दुखते, गुडघा सुजतो, टाच टेकवत नाही, अशा तक्रारी घेऊन सतरा-अठरा-एकोणीस वर्षांची मुले येतात. सोबत वडील असतात, कधी मामा असतात. दुखण्यापेक्षा त्यांचा प्रश्न वेगळा असतो : "डॉक्टरसाहेब, मैदान पंधरा दिवसांवर आले आहे. तोवर पळता येईल ना?"

आपल्या भागात हा प्रश्न साधा नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणारी घरे आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. १७६८ साली उभारणी झालेल्या मराठा रेजिमेंटची परंपरा येथील घराघरांत सांगितली जाते. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली. त्यामुळे येथे भरती ही नोकरी असतेच, शिवाय ती घराची प्रतिष्ठा असते. आणि कोरडवाहू जमिनीच्या घरात ती वर्षभराच्या भाकरीची हमीही असते. अशा घरातला मुलगा मैदानावरून परत येतो, तेव्हा त्याच्यासोबत सारे घर परत येते. म्हणून मी आज जे सांगणार आहे, ते मला महत्त्वाचे वाटते. भरतीच्या मैदानावर जे शरीर तपासले जाते, ते शेवटच्या तीन महिन्यांत घडत नाही. त्याची घडण वयाच्या तिसऱ्या वर्षापासून सुरू होते, आणि तिचा मोठा भाग चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत उरकलेला असतो.

मैदानावर नेमके काय मागतात?

प्रथम परीक्षा समजून घेऊ. २०२२ साली अग्निपथ योजना आली. साडेसतरा वर्षे पूर्ण झालेला तरुण तिच्यासाठी पात्र ठरू लागतो. मैदानावरील चाचणीत मुख्यतः चार गोष्टी पाहतात. पहिली, १.६ किलोमीटर धावणे. साडेपाच मिनिटांच्या आत पोहोचणारा पहिल्या गटात येतो व पूर्ण गुण मिळवतो. दुसरी, आडव्या बीमला लोंबकळून शरीर वर खेचणे. पूर्ण गुणांसाठी हे दहा वेळा करावे लागते. तिसरी, नऊ फुटांचा खंदक उडी मारून ओलांडणे. चौथी, नागमोडी अरुंद फळीवरून तोल न जाता चालणे. यापुढे वैद्यकीय तपासणी होते. महाराष्ट्रातील सर्वसाधारण उमेदवारासाठी १६८ सेंटिमीटर उंची आणि ७७ सेंटिमीटर छाती, ती फुगवल्यावर किमान पाच सेंटिमीटर वाढ, असे निकष आहेत.

या यादीकडे वैद्याच्या नजरेने पाहा. धावण्यात हृदय, फुप्फुसे आणि पायांची हाडे लागतात. बीमवर पकड आणि खांदे लागतात. खंदक ओलांडताना दोन्ही पायांचा स्फोटक जोर आणि पडताना गुडघे योग्य वाकवण्याची सवय लागते. फळीवर कान, डोळे, घोटा आणि मेंदू यांचा मेळ लागतो. यातील दमसास सहा महिन्यांच्या शिस्तबद्ध सरावाने बराच वाढवता येतो. परंतु उडी, पकड, तोल आणि त्यांचा मेळ ही कौशल्ये आहेत. ती शरीराला भाषेसारखी यावी लागतात. आणि भाषा ज्या वयात सहज येते, त्याच वयात हीही सहज येतात. उंचीचा पाया तर त्याहूनही आधी, गर्भधारणेपासून पहिल्या दोन वर्षांत घातला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यातील कित्येकांना अठराव्या वर्षी १६८ सेंटिमीटरची रेघ गाठता येणार नाही, आणि त्या वेळी कोणतेही टॉनिक उपयोगी पडणार नाही.

कोणत्या वयात काय येते?

मूल साधारण दोन ते अडीच वर्षांचे झाले की दोन्ही पायांनी जागच्या जागी उडी मारते. तीन-चार वर्षांचे असताना ते काही क्षण एका पायावर उभे राहते. चार-पाच वर्षांत एका पायावर उड्या मारू लागते. पाच-सहा वर्षांपर्यंत चेंडू छातीशी न कवटाळता नुसत्या हातांनी झेलू लागते. सहा ते आठ वर्षांत नेम धरून, कमरेतून वळून फेकण्याची ढब येते. बालविकासाचे अभ्यासक या साऱ्यांना मूलभूत हालचाल-कौशल्ये म्हणतात व त्यांचे तीन गट करतात : जागा बदलण्याची, वस्तू हाताळण्याची आणि तोल सांभाळण्याची.

ही कौशल्ये वयाबरोबर आपोआप पक्की होतात, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. वय संधी देते. कौशल्य मात्र हजारो वेळा करून, पडून, पुन्हा करूनच येते. ज्याला ती संधी मिळाली नाही, ते मूल आठव्या-नवव्या वर्षी खेळात मागे पडते, हसे होते म्हणून बाजूला बसते, आणि बाजूला बसल्यामुळे आणखी मागे पडते. ऑस्ट्रेलियात शालेय मुलांची कौशल्ये मोजून सहा-सात वर्षांनी तीच मुले पुन्हा तपासली गेली. लहानपणी ज्यांचे फेकणे, झेलणे, लाथाडणे चांगले होते, त्यांचा किशोरवयातील दमसासही चांगला आढळला. याचे कारण उघड आहे. ज्याला खेळता येते, तो खेळत राहतो.

आता आपल्या जुन्या खेळांकडे वळू. लंगडी म्हणजे एका पायावरचा तोल आणि पोटरीची ताकद. ठिकरीच्या चौकोनांत नेमकी जागा पाहून उडी घ्यावी लागते. सूरपारंबीत वडाच्या पारंबीला लोंबकळून स्वतःचे वजन हातांवर पेलावे लागते. बीमवरची परीक्षा याहून वेगळी नाही. आट्यापाट्यांत आणि खो-खोत क्षणात दिशा बदलावी लागते. विटीदांडू आणि लगोरीत नजर व हात यांचा मेळ बसतो. दोरीवरच्या उड्या आणि फुगडी यांनी मुलींची हाडे व तोल घडत असे. शेताच्या बांधावरून डोक्यावर न्याहारी घेऊन चालणाऱ्या मुलाला नागमोडी फळी कोणी शिकवावी लागत नसे. ओढा ओलांडणाऱ्याला खंदकाची भीती नसे. मल्लखांब तर याच मातीतला. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्था १९१४ पासून ही विद्या जोपासत आल्या आहेत. आपल्या पूर्वजांनी हे खेळ भरतीसाठी रचले नव्हते. मुलांना खेळायचे होते, आणि खेळताना शरीर घडत होते.

हाडांचे गणित

हाड हा जिवंत अवयव आहे. त्यावर जसा भार पडतो, तसे ते स्वतःला रचते. विशेषतः उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात, म्हणजे मुलींच्या बाबतीत बाराव्या व मुलांच्या बाबतीत चौदाव्या वर्षाच्या आसपासच्या दोन वर्षांत, प्रौढ शरीरातील एकूण खनिजद्रव्याचा सुमारे चौथा हिस्सा हाडांत साठवला जातो. या काळात उड्या, धावपळ, दूध-नाचणी-तीळ आणि ऊन ज्याला मिळाले, त्याची हाडांची ठेव मोठी. ज्याला ती मिळाली नाहीत, त्याला पुढे ती ठेव पूर्णपणे भरून काढता येत नाही.

ही ठेव अपुरी असताना अचानक मोठा भार आला, की हाडाला सूक्ष्म तडे जातात. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी दीर्घ संचलनानंतर सैनिकांच्या पायांना येणाऱ्या सुजेचे वर्णन केले. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळले, की ते पावलाच्या हाडांचे भंग होते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायली लष्करातील अभ्यासात २९५ नवसैनिकांपैकी ३१ टक्क्यांना चौदा आठवड्यांच्या प्रशिक्षणात असे ताणभंग झाल्याचे आढळले. याच संशोधकांच्या पुढच्या कामातून आलेला निष्कर्ष आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. भरतीपूर्वी किमान दोन वर्षे नियमितपणे बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळलेल्यांत ताणभंगाचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी होते. भरतीपूर्वी नुसते धावण्याचा सराव केलेल्यांना मात्र असे संरक्षण मिळाले नव्हते. सरळ रेषेत धावताना हाडावर एकाच दिशेचा ताण पडतो. खेळात उडी, वळण, थांबणे, ढकलणे यांमुळे तो सर्व बाजूंनी पडतो आणि हाड सर्व बाजूंनी भक्कम होते. पहाटे डांबरी रस्त्यावर मैलोगणती धावणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

आहाराचाही वाटा आहे. अमेरिकी नौदलातील ५,२०१ नवप्रशिक्षित स्त्रियांवर झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दिलेल्या गटात ताणभंग २० टक्क्यांनी कमी झाले. याचा अर्थ प्रत्येकाने गोळ्या घ्याव्यात असा नाही. हाड रिकाम्या ताटावर बांधता येत नाही, एवढाच आहे.

इतर देशांनी काय केले?

सैनिक तपासायला जावे आणि मुलांची अवस्था उघडी पडावी, असे अनेक देशांत घडले आहे. बोअर युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये भरतीला आलेले कितीतरी तरुण अपात्र ठरले. त्याची चौकशी करणाऱ्या समितीने १९०४ साली अहवाल दिला. त्यानंतर १९०६ साली शाळेतील मुलांना जेवण देण्याचा आणि १९०७ साली त्यांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धातील भरतीत कुपोषणाचे दुष्परिणाम दिसल्यावर अमेरिकेने १९४६ साली शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा केला. १९५० च्या दशकात तेथील मुलांना स्नायूंच्या साध्या चाचण्या दिल्या, तेव्हा शंभरांतील सुमारे ५८ मुले किमान एका चाचणीत नापास झाली. युरोपातील मुलांत हे प्रमाण शंभरी नऊच्या आत होते. त्यातूनच १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मुलांच्या शारीरिक सुदृढतेसाठी राष्ट्रीय परिषद नेमली.

फिनलंडमध्ये पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे, त्यामुळे तेथे जवळजवळ साऱ्या पिढीची मोजणी होते. १९७९ साली तेथील नवसैनिक बारा मिनिटांत सरासरी सुमारे २,७६० मीटर धावत. २००४ पर्यंत हे अंतर सुमारे २,४३० मीटरवर आले. त्या पंचवीस वर्षांत तो देश गरीब झाला नव्हता; उलट संपन्न झाला होता. म्हणजे ताटात अन्न असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. पायांना अंगणही हवे.

या साऱ्या देशांनी सैनिकांची कमतरता भरून काढण्यासाठी अठरा वर्षांच्या तरुणांना अधिक पळवले नाही. ते शाळेत गेले. मुलांच्या ताटाकडे, दातांकडे, पाठीकडे आणि मैदानाकडे त्यांनी पाहिले. आपण शिकायचे ते हेच.

आपल्याकडे काय बदलले?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे खेळ खेळावेत. तीन-चार वर्षांच्या बालकांसाठी दिवसभरात १८० मिनिटांची हालचाल सांगितली आहे, आणि दूरचित्रवाणी किंवा मोबाइलच्या पडद्यासमोरचा वेळ एका तासापेक्षा अधिक नको. प्रत्यक्षात २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करीत नसल्याचे दिसले.

खेड्यातील मुले अजूनही काटक आहेत, असे आपण समजतो. पण शाळेची गाडी आता वस्तीच्या तोंडाशी येते. रस्त्यावर वाहने वाढली, म्हणून आई मुलाला बाहेर सोडत नाही, आणि तिचे चुकत नाही. विहिरीवर कठडा आला, वडाखाली पार बांधला गेला, अंगणात फरशी आली. संध्याकाळ शिकवणीला गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे नमूद आहे. तरी ज्या शाळेत ते आहे, तेथेही ते शाळा सुटल्यावर कुलपाआड जाते.

मुलींचे नुकसान याहून अधिक आहे. दहाव्या-अकराव्या वर्षी, म्हणजे हाडांची ठेव सर्वाधिक वेगाने वाढण्याच्या तोंडावर, त्यांचे खेळणे बंद होते. आता मुलींसाठीही सैन्याची दारे उघडली आहेत. सैनिकी पोलीस दलातील महिला जवानांची पहिली तुकडी २०२१ साली सेवेत आली. सैनिक शाळांत मुलींना प्रवेश मिळू लागला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली दाखल झालेल्या मुलींपैकी १७ जणी २०२५ च्या मे महिन्यात उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. उद्या एखाद्या मुलीने त्या दारातून जायचे ठरवले, तर अकराव्या वर्षी आपण तिची दोरी काढून घेतली होती, याची किंमत तिच्या नडगीला मोजावी लागेल.

दोन चुकीच्या वाटा

येथे दोन गोष्टींबद्दल सावध करणे माझे कर्तव्य आहे. पहिली वाट घाईची. उंची बसते, म्हणून मुलाला अठराव्या वर्षी एकदम प्रशिक्षणाला घालतात; पहिल्याच आठवड्यापासून रोज आठ-दहा किलोमीटर, जुन्या बुटांत, कठीण रस्त्यावर. नडगी दुखू लागली की वेदनाशामक गोळ्या, कोणी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतो, कोणी दम वाढवणारे औषध विकतो. वेदना ही शरीराची सूचना आहे. ती बंद करून पळणाऱ्याचे अर्धवट तडकलेले हाड पूर्ण मोडू शकते. आणखी एक गंभीर धोका उष्म्याचा आहे. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या काळात दहाहून अधिक उमेदवारांचे प्राण गेले. धावताना चक्कर, असंबद्ध बोलणे, मळमळ अशी लक्षणे दिसताच थांबवावे, सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतावे आणि लगेच रुग्णालय गाठावे.

म्हणून उमेदवारांना माझे सांगणे असे : सराव किमान सहा महिने आधी सुरू करावा, अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, शक्य तेव्हा मातीवर धावावे, धावण्याच्या जोडीला खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल यांसारखे खेळ चालू ठेवावेत. हाडावर एका बोटाने दाबल्यावर नेमक्या जागी दुखत असेल, तर धावणे थांबवून तपासून घ्यावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्रात ताणभंग दिसेलच असे नाही. चित्र स्वच्छ आले म्हणून पुन्हा पळू नये. सहा ते आठ आठवड्यांची विश्रांती एक मैदान चुकवील, पण पुढची मैदाने वाचवील.

दुसरी चुकीची वाट अतिउत्साहाची. हे व्याख्यान ऐकून कोणी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला पहाटे चारला उठवून पाच किलोमीटर पळवू लागला, तर माझे बोलणे वाया गेले असे मी समजेन. वाढत्या हाडांच्या टोकांशी कोवळी कूर्चा असते; एकाच प्रकारचा अतिरेकी ताण तिला सोसत नाही. या वयाला कवायत नको, खेळ हवा. एक खेळ नको, अनेक हवेत. बारा वर्षांच्या आत 'हा सैनिकच होणार' असे ठरवून मुलाचे बालपण त्याच्या खाती जमा करू नये.

पालकांच्या नेहमीच्या शंका

रुग्णांच्या आप्तांसाठी दोन गोष्टी स्पष्ट करतो, कारण त्यांवर बराच पैसा व्यर्थ जातो. लहान मुलाचे पाऊल सपाट असणे स्वाभाविक आहे. कमान हळूहळू, प्राथमिक शाळेच्या वयात तयार होते. चवड्यांवर उभे केल्यावर कमान दिसत असेल व दुखत नसेल, तर विशेष बुटांची गरज नसते. तीन-चार वर्षांच्या वयात गुडघे एकमेकांना लागणेही बहुधा निसर्गक्रमातच असते; सात-आठ वर्षांपर्यंत ते पुष्कळ सरळ होतात. परंतु एकाच पायाला बाक असेल, तो वाढत जात असेल, मुलाची उंची खुंटली असेल, मनगटे जाड दिसत असतील, तर मुडदूस किंवा अन्य आजाराची शंका घेऊन त्वरित दाखवावे. दीड वर्षाचे मूल चालत नसेल, चालणारे मूल वारंवार पडत असेल, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकवत असेल, तर 'होईल मोठेपणी' म्हणून थांबू नये. जन्मतः वाकडे असलेले पाऊल पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर लावण्यास आरंभ केल्यास बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेविना सुधारते, आणि ते मूल इतरांसारखे धावते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाडी व शाळांमध्ये अशा दोषांची तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

आणि ज्या मुलांना सैन्यात जाता येणार नाही, त्यांचे काय? कोणाला जन्मतःच स्नायूंचा आजार आहे, कोणाची दृष्टी अधू आहे, कोणाची उंची दोन सेंटिमीटरने कमी भरेल. त्यांनाही जिना चढायचा आहे, बसच्या दांड्याला धरून उभे राहायचे आहे, ओल्या बांधावर पाय घसरला तर सावरायचे आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी चेंडू झेलणे हाही तितकाच मोठा विजय आहे. शिवाय जे निवडले जातात, त्यांनाही आता हे शरीर दीर्घकाळ लागणार आहे. अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची असून जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे नियमित सेवा मिळते. बाकीचे तरुण पंचविशीच्या आसपास गावी परततील. त्यांनी कायमचा दुखरा गुडघा घेऊन परतू नये, ही जबाबदारी भरतीच्या कितीतरी आधी, आपल्या गावात सुरू होते.

विश्वस्तांना व देणगीदारांना विनंती

यासाठी मोठे यंत्र घ्यावे लागत नाही. म्हणूनच असे काम दात्यांच्या नजरेतून निसटते. मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, सोळा ते चोवीस महिने आणि पाच ते सहा वर्षे या वयांत मुले लसीच्या बूस्टर मात्रेसाठी येतातच. त्याच वेळी आमच्या भौतिकोपचार विभागाने पाच मिनिटे त्यांची चाल, उडी, तोल पाहावा आणि मागे असलेल्या मुलांच्या आईला घरी करण्याचे खेळ शिकवावेत. दोन, परिसरातील अंगणवाडी सेविका व शिक्षकांसाठी लंगडी, ठिकरी, लगोरी, दोरी यांची वर्षातून एकदा कार्यशाळा घ्यावी, आणि शाळेचे मैदान संध्याकाळी उघडे राहावे म्हणून एका राखणदाराचे मानधन द्यावे. त्या मैदानावर मुलींसाठी वेगळी, सुरक्षित वेळ राखून ठेवावी. तीन, भरतीची तयारी सुरू करणाऱ्या मुलामुलींसाठी सराव सुरू होण्यापूर्वी विनामूल्य तपासणी ठेवावी. हिमोग्लोबिन, पाय, पाठ आणि दृष्टी पाहून प्रत्येकाला लेखी सल्ला द्यावा. ज्याला नियमांनुसार पात्र ठरणे शक्यच नाही, त्याला ते वेळीच, सन्मानाने आणि इतर वाटा दाखवून सांगावे. दोन-तीन वर्षे आणि घरची जमापुंजी वाया जाण्यापासून त्या कुटुंबाला वाचवणे, हीही रुग्णसेवाच आहे.

शस्त्रक्रियागृहाच्या दारावर दात्याचे नाव कोरता येते. संध्याकाळी उघड्या राहिलेल्या मैदानावर ते कोठे कोरणार? तरीही मी आपणांस याच कामासाठी हात पुढे करण्याची विनंती करतो. तेथे घडलेली मुले पुढे सीमेवर जातील, शेतात राबतील, कोणी परिचारिका होऊन याच रुग्णालयात रुग्णाला उचलून खाटेवर ठेवील. त्यांचे पाय भक्कम असावेत, एवढेच आपण पाहू शकतो, आणि ते पाहण्याची वेळ ती मुले लहान आहेत तोवरच आहे.